न उघडलेली चौकट

१

यंत्रांचा जुना मिस्त्री उस्ताद गेला तेव्हा भर दुपार होती. शीतगृहात फळांच्या पेट्या सुखरूप होत्या, मेला तो एकटाच. यंत्रखोलीत पंपाची गळती काढायला उतरला, अमोनिया वायू सुटला, आणि बाहेर नियंत्रण खोलीत कामावर असलेल्या त्याच्याच सुनेला काही करता आलं नाही. खोलीतला वायू ओढून बाहेर फेकणारा भलामोठा पंखा भिंतीत बसवलेला होता. त्याचं हिरवं बटण सुनेच्या कोपराशी होतं. ते तिने वेळेत दाबलंच नाही.

एवढ्यावर जगाने निकाल लावून टाकला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पाठीमागे सगळेच बोलले. सासूने तिची कपड्यांची पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली, नवरा मान खाली घालून उभा राहिला, आणि ती थोरल्या बहिणीकडे राहायला गेली. चौकशी समितीचा कौल विरुद्ध गेला तर नोकरी जाणारच होती, वर हलगर्जीपणाने जीव घेतल्याचा खटलाही उभा राहणार होता.

तिचं म्हणणं एकच होतं. धोक्याचा भोंगा वाजला आणि स्क्रीनवर करायच्या पायऱ्या आल्या. पहिलीच पायरी होती: ई.व्ही.यू. चालू करा. खाली ताकीद: क्रम बदलू नका. ई.व्ही.यू. म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. त्या अक्षरांखाली ठिपक्यांची रेघ होती, म्हणजे तिथे अर्थ दडवलेला असणार हे तिने ओळखलं. बोट लावलं, दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. काहीच उघडलं नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने यावर समितीला एक चित्र पाठवलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्याच स्क्रीनचं घेतलेलं. ई.व्ही.यू.वर छोटीशी पांढरी चौकट उघडलेली आणि आत लिहिलेलं: इमर्जन्सी व्हेंटिलेशन युनिट, म्हणजे वायू बाहेर टाकणारा पंखा. अर्थ जागच्या जागी होता. म्हणजे बाई खोटं बोलत होती, किंवा घाबरून हातपाय गाळून बसली होती.

समितीने एवढ्यावर भागवलं नाही. सॉफ्टवेअरची मदतीची पानं आणि पुस्तिका ज्यांना कळतात अशा कुणा जाणत्याचा अहवाल मागितला. मालकाने आपल्या थोरल्या बहिणीचं नाव सुचवलं. नातं समितीला ठाऊक होतं, पण हरकत कुणी घेतली नाही, कारण याच बहिणीने एकदा याच भावाची पुस्तिका नापास करून परत पाठवली होती. धंद्यात तिचं नाणं खणखणीत होतं.

२

धंद्यातले लोक तिला म्हणजेताई म्हणत. आयुष्यभर तिने सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहिल्या आणि तपासल्या, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक जड शब्दाला, प्रत्येक आद्याक्षरी नावाला तिने एकच प्रश्न विचारला: म्हणजे काय? तरुण पोरं वैतागत. एकाने तर चिडून सांगितलं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर तिने त्याला खाली पाठवून दारावरच्या पहारेकऱ्याला विचारून यायला सांगितलं. पोरगा गेला तो गेलाच, दुसऱ्या कंपनीत लागला.

भाऊ तिच्याहून बराच लहान. ऑफिसात तो साहेब होता, घरी बाब्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण त्यांच्या आईने शब्दशः पाळली होती, आणि आईमागे ती जबाबदारी ताईने उचलली. त्याच्या पहिल्या कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा त्याला महिनोन् महिने आपल्या घरी ठेवून घेणारी तीच.

साहेबाच्या खोलीत नवी चौकट लावलेला मोठा फोटो होता. त्याच शीतगृहाचा. सॉफ्टवेअरच्या परदेशी खरेदीदारांशी हस्तांदोलन करणारा साहेब, मागे भिंतीवर झळकणारा स्क्रीन, आजूबाजूला कोरी करकरीत भिंत. ताई फोटोकडे बघत राहिली तसं त्याने अभिमानाने सांगितलं, की तो अगदी अलीकडचा, अपघाताच्या जरासा आधीचा आहे. मग लगेच चेहरा पाडला. उस्तादबद्दल चार चांगले शब्द बोलला.

"तू फक्त जे आहे ते लिही, ताई. चौकट उघडते की नाही? उघडते. झालं," तो म्हणाला.

चौकट उघडत होती. मुख्य प्रोग्रामर, ज्याला सगळे झटपट म्हणत, त्याने आपल्या टेबलावरून शीतगृहाचा स्क्रीन जोडून दाखवला. माउस, म्हणजे संगणकाचा उंदीर, सरकवला, बाण ई.व्ही.यू.वर नेला आणि न दाबताच पांढरी चौकट उमलली. अपघातानंतरची तपासणीही आपणच इथूनच केली, साहेबांनी तिकडे जायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, असं त्याने सांगितलं. आपण आजवर एकाही शीतगृहात पाऊल टाकलेलं नाही हेही त्याने मोकळेपणाने कबूल केलं. त्याला सर्दीचा त्रास होता.

स्क्रीन सजवणारी मुलगी रडवेली झाली होती. पूर्वी पूर्ण शब्द वाक्यातच असत. पण ओळी लांबत, स्क्रीन भरून जाई, दिसायला गबाळं दिसे. म्हणून तिने आद्याक्षरं ठेवली आणि अर्थ चौकटीत घातले. साहेबांना ते फार आवडलं. स्क्रीनला श्वास घ्यायला जागा हवी, असं ती दोनदा म्हणाली. स्क्रीनला श्वास मिळाला आणि माणसाचा गेला, हे ताईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पोरीचे डोळे पाहून तिने ते गिळलं.

तिसरा होता प्रशिक्षक. गावोगाव हिंडून शीतगृहांतल्या माणसांना शिकवणारा, म्हणून गुरुजी. बोलका माणूस, पण आज त्याच्या बोलण्यात दम नव्हता. त्याच्या वर्गात कधी कुणी अडलं नाही, असं त्याने न विचारता सांगितलं. सून त्याच्या वर्गानंतर नोकरीला लागली, तिला त्याने शिकवलेलं नव्हतं. चौकट कशी दाखवता, असं ताईने विचारलं.

"सोपं आहे. अक्षरांवर बोट ठेवायचं, चौकट उघडते," गुरुजी म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

ताई जिन्यावरून खाली उतरली ती विचार करतच. सगळे एकच गोष्ट सांगत होते, तरी त्यात कुठेतरी काहीतरी कुसळासारखं सलत होतं.

३

शीतगृहाची नियंत्रण खोली जेमतेम चार माणसांची होती. समितीची परवानगी काढून ताईने सुनेलाही बोलावून घेतलं. मुलगी दारातच थबकली. यंत्रखोलीच्या बंद दाराकडे तिने पाहिलं नाही, पाहायचं टाळतेय हे मात्र दिसत होतं.

स्क्रीन भिंतीत जडवलेला होता. खाली टेबल नाही, समोर खुर्ची नाही. काच बोटांच्या ठशांनी बरबटलेली. शेजारी बटणांची पाटी, आणि त्यात ते हिरवं बटण. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: पंखा.

"हे बटण तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"रोज सकाळी मीच लावायची. आतली खोली झाडायच्या आधी." मुलीचा आवाज अगदी सपाट होता. "पंखा लावा असं आलं असतं तर डोळे मिटून लावला असता. मी पाटीवर ई.व्ही.यू. शोधत होते. सगळी बटणं वाचली. मग मदतीचा फोन लावला, तर तिथे गाणं वाजत होतं. मग दाराकडे धावले. पहारेकऱ्यांनी मागे ओढलं."

ताईने सरावाची सूचना चालू करायला लावली. स्क्रीनवर पायऱ्या आल्या. ई.व्ही.यू., खाली ठिपक्यांची रेघ. ताईने त्यावर बोट ठेवलं. दाबलं. दाबून धरलं. चौकट उघडली नाही.

तिने झटपटला फोन करून त्याच्या टेबलावरून तोच स्क्रीन जोडायला सांगितला. काही क्षणांत काचेवर एक पांढरा बाण आपोआप सरकत आला, ई.व्ही.यू.वर थांबला, आणि चौकट उघडली. मुलगी एकदम मागे सरकली. उस्तादच्या जिवाएवढा अर्थ त्या चौकटीत होता आणि तो फक्त दूरच्या एका गारेगार ऑफिसातून दिसत होता.

साधी गोष्ट होती. चौकट बाण वर आला की उघडत असे, आणि बाण उंदराला असतो, बोटाला नसतो. ज्यांनी चौकट बनवली, सजवली, तपासली त्या सगळ्यांच्या टेबलांवर उंदीर होता. ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हता. आमच्याकडे तर दिसतं, हे वाक्य ताईने या धंद्यात इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकलं तरी तिचं डोकं दुखायला लागे.

म्हणजे मुलगी खरं बोलत होती. पण मग बाकीच्या पाळ्यांवरची माणसं इतके दिवस काय करत होती? त्यांना ई.व्ही.यू. म्हणजे पंखा हे कसं कळलं?

ताई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. उजव्या अंगाला भिंतीचा एक आयताकृती तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता, साधारण वहीच्या पानाएवढा. त्याच्या कोपऱ्यांवर डिंकाचे वाळके डाग होते, कुणीतरी खरवडल्यासारखे.

"इथे काय होतं?" तिने विचारलं.

मुलीने मान हलवली. ती कामाला लागली तेव्हापासून भिंत अशीच होती.

४

ताईने गुरुजीला ऑफिसात बोलावलं नाही. त्याच्याच घरी गेली. दार त्यानेच उघडलं, आणि तिला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही म्हणालात, बोट ठेवलं की चौकट उघडते," ताई म्हणाली. "मी ठेवून आले. नाही उघडत. तुम्ही गावोगाव त्या काचेपुढे उभे राहता, तुम्हाला हे माहीत नाही असं कसं होईल? माहीत नसतं तर तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नसता."

खाई त्याला खवखवे. गुरुजीने सगळं ओकलं. पहिल्याच वर्गात चौकट उघडेना. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू, तोवर बोभाटा करू नका. गुरुजीला राहवेना. त्याने आद्याक्षरांचे अर्थ एका कागदावर छापले आणि जाईल त्या शीतगृहात स्क्रीनच्या शेजारी चिकटवले. माणसं कागद बघून काम करत, हळूहळू त्यांना पाठ झालं.

"इथला कागद कुणी काढला?"

ते त्याला माहीत नव्हतं. पण कधी काढला असेल हे ताईला आता माहीत होतं. खरेदीदारांच्या फोटोत भिंत कोरी होती आणि फोटो अपघाताच्या जरासा आधीचा. कागद गेला, त्यानंतर नवी मुलगी लागली. जुन्यांना पाठ होतं, त्यांचं अडलं नाही. तिने तो कधी पाहिलाच नव्हता.

कागद कुणाला नको होता? शीतगृहाच्या माणसांना तर तो सोयीचाच होता. झटपट आणि सजावटवाली तिथे कधी गेलेच नव्हते. गुरुजीने तो लावलेला. राहता राहिला एकच. ज्याला त्या भिंतीपुढे पाहुणे उभे करायचे होते, आणि आपल्या सॉफ्टवेअरला कागदाची कुबडी लागते हे ज्याला दिसू द्यायचं नव्हतं.

ताई गुरुजीच्या ओसरीवर बसून राहिली. तिला पाणी हवंय का असं त्याच्या बायकोने विचारलं. ताईला ते ऐकूच आलं नाही. आईच्या मांडीवरचा बाब्या तिच्या डोळ्यांपुढे होता, आणि तिला त्याचा भयंकर राग आला होता.

५

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत सगळे बसले. झटपट, सजावटवाली, गुरुजी, आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर सून. ताईने अहवाल वाचायला घेतला. चौकट का उघडली नाही हे तिने सांगितलं तेव्हा झटपटने दोन्ही हातांनी डोकं धरलं. कागदाची गोष्ट आली तेव्हा सजावटवाली गुरुजीकडे बघायला लागली आणि गुरुजी जमिनीकडे.

"चौकट बोटाने उघडत नाही हे तुला माहीत होतं, बाब्या. म्हणून तू तपासणीला माणूस तिकडे पाठवला नाहीस. इथून, टेबलावरून करायला लावलीस," ताई म्हणाली. "कागद तू काढवलास, आणि समितीला हे चित्र पाठवून या मुलीला खोटी ठरवलीस."

साहेबाने कानांवर हात ठेवले नाहीत. तो खुर्चीत मागे रेलला.

"मी फक्त म्हणालो होतो, भिंत स्वच्छ दिसू दे. काढला उस्तादने. स्वतःच्या हाताने खरवडून काढला. माणूस शीतगृहाचा, पण माझ्या शब्दाबाहेर नव्हता."

सुनेच्या हातातली रुमालाची घडी खाली पडली. ती उचलायचं तिला सुचलं नाही.

साहेबाने ते पाहिलं आणि आवाज मऊ केला. त्याने सौदा मांडला. अहवालात कागदाचा उल्लेखच नको. चौकट सदोष होती असं लिहा, कंपनी दंड भरेल, मुलगी सुटेल, अर्धवट का होईना. पण त्याने कागद काढवला असं लिहिलं, तर तो कुणाच्या हाताने निघाला हेही तो समितीपुढे सांगणार. समितीचा निकाल घरच्यांना वाचून दाखवतात. मग म्हाताऱ्या बाईने ऐकावं, की तिच्या नवऱ्याने आपलं मरण आपल्याच हाताने खरवडलं.

"एक तर दोघांची नावं, नाहीतर कुणाचंच नाही," तो म्हणाला. "आणि ताई, तू सही केलीस तर या घराशी तुझा संबंध संपला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सुनेकडे वळली. चौकट सदोष होती एवढंच लिहिलं तर काय होईल हे तिने तिला उलगडून सांगितलं, एकही शब्द न आखडता. समिती म्हणणार, बाकीच्यांना तीच सदोष चौकट असून कळलं, तुलाच का नाही? संशय राहील, खटला टळेल, नोकरी मात्र मिळणार नाही, आणि लोक बोलतात ते बोलत राहतील. सगळं लिहिलं तर तू पूर्ण सुटशील. पण सासऱ्याचं नाव येईल. ठरवायचं तू, असं ताई म्हणाली.

मुलीने वाकून रुमाल उचलला.

"लिहा," ती म्हणाली. "दोन्ही लिहा. मामंजी जन्मभर साहेबलोकांनी सांगितलं ते करत आले. त्या दिवशीही तेच केलं. त्यात त्यांनी लाजावं असं काय आहे?"

ताईने सही केली. भाऊ उठून खिडकीपाशी गेला आणि ती निघेपर्यंत वळला नाही. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही.

६

समितीने वाचून दाखवायच्या आधी आपण सांगावं, असं ताईला वाटलं. सून नको नको म्हणत होती, तरी बरोबर आली. सासू दारातच बसून शेंगा सोलत होती. सुनेकडे तिने पाहिलं नाही. ताईला आत या म्हणाली नाही, पण ऐकायला नकारही दिला नाही.

ताईने उंबऱ्यावरच बसून सगळं वाचलं. सावकाश, एकेक शब्द सोडवून. पंख्याला काय म्हटलं होतं, चौकट कशाने उघडते, कशाने नाही. भिंतीवरचा कागद. साहेबांचं सांगणं. आणि मग ते वाक्य, ज्यात उस्तादचं नाव होतं.

"परत वाचा," सासू म्हणाली.

ताईने परत वाचलं. सून भिंतीला टेकून उभी होती. सासूने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले, पुसतच राहिली.

"डिंक निघत नाही म्हणून घरी आले होते मधेच," ती अखेर म्हणाली. "उलथणं मागितलं. मी म्हटलं, कशाला हो, तर म्हणाले, साहेबांचे पाहुणे यायचेत. मीच चांगलं पातळ धारेचं शोधून दिलं. ओल्या फडक्याने पुसा म्हणजे लवकर निघेल, हेही मीच सांगितलं."

मग ती उठली आणि सुनेला वाट देण्यासाठी दारातून बाजूला झाली.